ठाणे–नवी मुंबईत कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, हे शोधायचं कसं?

"आपल्या भागात कोणत्या व्यवसायांना मागणी आहे, त्याची यादी शुक्रवारपर्यंत द्या." आयटीआयच्या प्लेसमेंट सेलमध्ये नव्याने बसलेल्या, कॉलेजात कौशल्य विभाग गळ्यात पडलेल्या किंवा संस्थेसाठी प्रशिक्षण केंद्राची आखणी करणाऱ्या माणसाच्या टेबलावर हा कागद कधी ना कधी येतोच. यादी शुक्रवारपर्यंत होते. खरं तर दहा मिनिटांत होते: इलेक्ट्रिशियन, वेल्डर, नर्स, ड्रायव्हर, डेटा एंट्री आणि हल्ली शोभेला एआय. ती कुणी खोडतही नाही, कारण प्रत्येक जिल्ह्याची यादी तशीच दिसते. अडचण पुढे येते. त्या यादीवर विसंबून वीस जागांची तुकडी निघते, दोन वर्षांनी वीस पोरं बाहेर पडतात आणि कंपनीच्या गेटवर त्यांना सांगितलं जातं, "आत्ता काही नाही, नंबर ठेवून जा."

मी हे काम बरीच वर्षं ठाणे–बेलापूर पट्ट्यात केलं आहे. चुकाही बऱ्याच केल्या आहेत. नव्याने हे काम हाती घेणाऱ्याला उपयोगी पडेल अशा क्रमाने लिहितो.

पहिली पायरी: जिल्हा बाजूला ठेवा, लोकलचा नकाशा घ्या

सरकारी कागद जिल्ह्याने चालतात, माणसं लोकलने. आपण सरसकट 'नवी मुंबई' म्हणतो, पण दिघा–ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची महापालिका ठाणे जिल्ह्यात आहे आणि खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात. तळोजा एमआयडीसी रायगडात, न्हावाशेवा बंदर उरण तालुक्यात, नवा विमानतळ पनवेल तालुक्यात. म्हणजे 'ठाणे जिल्ह्याची मागणी' असा प्रामाणिक तक्ता केलात, तर बंदर, विमानतळ आणि तळोजा तिन्ही त्यातून गळतात. कोपरखैरण्याचा मुलगा मात्र उद्या तिथेच कामाला जाणार असतो. उलट मुरबाड ठाणे जिल्ह्यातच आहे, पण तिथे रेल्वे नाही. तिथल्या मुलाने महाप्याची सकाळी सातची पाळी रोज गाठायची म्हणजे काय, ते एकदा स्वतः जाऊन बघा.

जुने आकडे वापरताना आणखी एक खड्डा आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ दिसते, त्यात वसई–विरार, पालघर, बोईसर सगळं आलं. त्याआधीच्या कुठल्याही अहवालात 'ठाणे जिल्ह्यातील रसायन उद्योग' म्हटलं असेल, तर तारापूरही त्यात मोजलेलं आहे. शेजारी २०२४ चा आकडा ठेवून 'रोजगार घटला' असा निष्कर्ष काढणारी सादरीकरणं मी पाहिली आहेत. घटला नव्हता, शेजारच्या जिल्ह्यात गेला होता.

तेव्हा एक मोठा कागद घ्या. मध्ये तुमचं केंद्र. भोवती अशी स्टेशनं आणि नाके लिहा, जिथून साधारण तासाभरात पाळीला वेळेवर पोहोचता येतं. ट्रान्स हार्बर लोकलमार्गामुळे ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे एका माळेत येतात. रात्री अकराला सुटणारी पाळी असेल तर परतीची लोकल आणि शेवटची बस दोन्ही बघा. मुलींच्या बाबतीत तर हा एकच मुद्दा पुष्कळदा सगळं ठरवतो.

मग त्या वर्तुळातली कामाची ठिकाणं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. ठाणे–बेलापूर रस्त्यालगतचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा, डोंबिवली–अंबरनाथ–बदलापूरची रसायन आणि इंजिनिअरिंगची शेडं, भिवंडीचे माग आणि गोदामं, तुर्भ्याचा बाजार, ऐरोली–महाप्याकडची आयटी पार्क आणि डेटा सेंटर. प्रत्येकाची चाल वेगळी आहे. तुर्भ्याच्या बाजारात माथाडी कामगार १९६९ च्या कायद्याखालच्या मंडळांमार्फत काम करतो. तिथली हालचाल तुम्हाला जाहिरातीत कधीच दिसणार नाही.

दुसरी पायरी: उद्योग वेगळा, व्यवसाय वेगळा

नवखा माणूस इथे हमखास चुकतो. 'डेटा सेंटरला मागणी आहे' हे उद्योगाबद्दलचं वाक्य झालं. तुम्हाला हवं आहे ते व्यवसायाबद्दलचं. डेटा सेंटरच्या इमारतीत संगणकवाले थोडे असतात. चोवीस तास वीज आणि थंडावा राखणारे जास्त असतात: चिलर (इमारत थंड ठेवणारं मोठं यंत्र) बघणारा, विजेचं पॅनल बघणारा, डीजी सेटवाला (डिझेल जनरेटरवाला), केबल ओढणारा, फायर सिस्टीमवाला. आणि यातली बरीचशी माणसं डेटा सेंटरच्या पगारपत्रकावर नसतातच. ती देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीची असतात. उद्योगाच्या आकड्यात ती भलत्याच खणात जाऊन बसतात.

वागळे इस्टेटचंही तेच. कारखाने गेले, काचेच्या इमारती आल्या, म्हणून फिटर–इलेक्ट्रिशियनची गरज संपली असं वरवर वाटतं. पण त्या काचेच्या आत लिफ्ट आहे, पंप आहेत, एसी प्लांट आहे.

यासाठी दोन वर्गीकरणं हाताशी ठेवा. उद्योगांसाठी एनआयसी २००८ (राष्ट्रीय उद्योग वर्गीकरण) आणि व्यवसायांसाठी एनसीओ २०१५ (राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण). एनसीओमध्ये आठ आकडी संकेतांक असतात, पण तुम्हाला पहिले चार पुरेत. आपल्याकडच्या 'ऑपरेटर' या एका शब्दाकडेच बघा. एचआरने 'दहा ऑपरेटर पाहिजेत' म्हटलं तर तो केमिकल प्लांटचा ऑपरेटर असेल, म्हणजे ८१३१. बॉयलरवाला असेल, ८१८२. फोर्कलिफ्ट चालवणारा, ८३४४. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवरचा, ७२२३. किंवा कॉम्प्युटरवर नोंदी करणारा, ४१३२. पाचही जण आपापल्या बायोडेटात 'ऑपरेटर'च लिहितात. संकेतांक न लावता बेरीज केली तर 'ऑपरेटरला प्रचंड मागणी' असा भ्रमाचा भोपळा हाती येतो.

तिसरी पायरी: कागद गोळा करा, पण प्रत्येकाला काय विचारायचं ते ठरवून

माझी पहिली यादी मी जाहिराती मोजून केली होती. महिनाभर नोकरीची संकेतस्थळं आणि व्हॉट्सॲप ग्रुप बघत वहीत रेघा ओढल्या. डेटा एंट्री ऑपरेटर पहिला आला, तोही मोठ्या फरकाने. मी खूश. मग सहज म्हणून काही नंबरांवर फोन केले. एकच जागा पाच कन्सल्टंटांनी टाकलेली होती. काही ठिकाणी आधी 'रजिस्ट्रेशन' म्हणून पैसे मागितले. आणि एका ठिकाणी तर जागा तीन महिन्यांपूर्वी भरलेली होती, जाहिरात तशीच फिरत होती. तेव्हापासून एक नियम केला: जाहिरातींची संख्या मोजायची नाही. एकाच कंपनीची तीच जागा पुन्हा पुन्हा किती दिवसांनी येते, ते बघायचं.

बाकीच्या कागदांचं थोडक्यात. राज्याचं महास्वयम् रोजगार पोर्टल आणि केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस): नोकरी शोधणारे कोण आहेत आणि कोणत्या शिक्षणाचे, हे इथे बरं कळतं; रिकाम्या जागांचं चित्र अर्धवट. आस्थापनांनी रोजगार कार्यालयाला तिमाही विवरणपत्र देण्याची पद्धत १९५९ च्या कायद्यापासून चालत आली आहे, त्याला सगळे 'ईआर-१' म्हणतात. जिल्हा कौशल्य विकास केंद्रातल्या जुन्या बाबूंशी गोडीने वागलात तर त्या फायलींतून कंपन्यांची यादी मिळते, आणि ती आकड्यांपेक्षा जास्त कामाची असते. पीएफची दरमहा आकडेवारी राज्य आणि उद्योगानुसार दिशा दाखवते.

राहिली पीएलएफएस, म्हणजे केंद्राची श्रमबल पाहणी. ती एप्रिल २०१७ पासून चालू आहे. जानेवारी २०२५ पासून तिची रचना बदलली, दर महिन्याला आकडे येऊ लागले आणि नमुना निवडताना जिल्हा हा पायाभूत घटक धरला जाऊ लागला. पण 'ठाणे जिल्ह्यातले वेल्डर' इतक्या खोलवर गेलात तर नमुन्यात मोजकी माणसं उरतात. त्यावर टक्केवारी काढू नका, पोरखेळ होतो.

पुरवठ्याची बाजू मात्र नीट भरा, कारण ती मिळते. तुमच्या वर्तुळातल्या सरकारी आणि खासगी आयटीआय, ट्रेडनिहाय जागा, किती भरल्या, किती उत्तीर्ण झाले. सोबत अप्रेंटिसशिपचे करार. यातही डोळे उघडे ठेवा. काही ठिकाणी अप्रेंटिस हा शिकाऊ नसतो, स्वस्तातला हेल्पर असतो, आणि वर्ष संपलं की नवा येतो. करार जास्त दिसले म्हणजे मागणी जास्त, असं समजू नका. त्यांतले किती कायम झाले ते विचारा.

चौथी पायरी: गेटवर जा

इथेच वेळ घाला. तुमच्याकडे तीन आठवडे असतील तर दोन यावर खर्च करा.

रबाळ्याची टीबीआयए, वागळे इस्टेटची टीएसएसआयए, डोंबिवलीकडची कामा या उद्योजकांच्या संघटना आहेत. त्यांच्याकडून ओळखी मिळतात. पण ओळखीने थेट एचआरपर्यंतच जाऊन थांबू नका. एचआर तुम्हाला मंजूर झालेल्या जागा सांगेल. मेंटेनन्सचा इन्चार्ज सांगेल की कोणत्या पाळीला माणूस नाही. कंत्राटदार सांगेल की कोण टिकत नाही. आणि गेटसमोरचा चहावाला सांगेल की परवा पगारावरून कोण भांडून गेला. चौघांचं जुळलं, तर ती नोंद पक्की.

'पुढच्या वर्षी तुम्हाला किती लोक लागतील?' हा प्रश्न विचारू नका. उत्तर नेहमी 'पन्नास–शंभर' असं गुळगुळीत येतं, कारण सांगायला काही लागत नाही. झालेल्याबद्दल विचारा. गेल्या बारा महिन्यांत या कामासाठी किती जण घेतले? त्यातले आज किती आहेत? शेवटची जागा किती दिवस रिकामी होती? तेवढे दिवस काम कोणी केलं? कुठून आला तो माणूस, आणि गेला तो कुठे गेला?

एका केमिकल युनिटमधलं हे बोलणं माझ्या वहीत आहे. मेंटेनन्सचे इन्चार्ज साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना काका म्हणत.

"काका, बॉयलरला माणूस मिळतो का?"

"मिळतो की. हेल्पर पायलीचे पन्नास. सर्टिफिकेटवाला नाही मिळत."

"मग चालवतं कोण?"

"दोघं आहेत. बारा–बारा तास करतात. एकाच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा मी स्वतः उभा राहिलो तिथे."

"किती दिवस झाले जागा रिकामी?"

"गणपतीच्या आधीपासून."

मी गेलो होतो ते होळीच्या सुमारास. या तीन उत्तरांत सगळं आलं: परवान्याची अट असलेलं काम, सहा महिने रिकामी जागा, ओव्हरटाइमवर भागवलेली पाळी. बॉयलर अटेंडंटला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावं लागतं, त्याआधी बॉयलरवर अनुभव घ्यावा लागतो. म्हणजे अडचण नुसत्या माणसांची नाही; अनुभव द्यायला कोणी तयार नाही, ही अडचण आहे. अशा ठिकाणी सहा महिन्यांचा वर्ग काढून काय होणार? दोन–तीन कंपन्यांनी उमेदवार आपल्या बॉयलरवर उभे करायची तयारी दाखवली, तरच त्याला अर्थ.

परवान्याची कामं वेगळी टिपून ठेवा. वायरमन आणि इलेक्ट्रिकल सुपरवायझरचा परवाना, ट्रेलर चालवायचा जड वाहन परवाना (त्याआधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना लागतो), विमानतळाच्या आत जाण्याचा प्रवेशपास आणि त्यासाठीची चारित्र्य पडताळणी. तुटवडा खूपदा अशा अटींच्या मागे दडलेला असतो.

पाचवी पायरी: साधं गणित

समजा, तुमच्या वर्तुळात एसी–चिलरचे ४०० टेक्निशियन आहेत. आकडे मनाचे आहेत, रीत बघा. नवीन इमारतींमुळे दरवर्षी २० जागा वाढतात. निवृत्त होणारे वर्षाला १२. आखातात जाणारे, स्वतःचं दुकान टाकणारे, काम सोडणारे मिळून ३२. म्हणजे वर्षाची खरी गरज ६४. आता पुरवठा. आवाक्यातल्या आयटीआयमधून ७० जण पास होतात, त्यातले ३० डिप्लोमाला किंवा दुसऱ्याच कामाला जातात, उरले ४०. तूट २४.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. ६४ पैकी ४४ जागा जुन्या माणसांच्या जाण्याने झाल्या, वाढीने फक्त २०. वर्तमानपत्रात बातमी वाढीची येते; पोटं भरतात ती बहुतेक बदलीच्या जागांवर. दुसरं, महाप्याचा टेक्निशियन हजार रुपये जास्त मिळतात म्हणून ऐरोलीला गेला, तर महाप्याला जागा रिकामी झाली आणि ऐरोलीची भरली. जमा–खर्च शून्य. गेटवर मोजलेल्या रिकाम्या जागांतून ही पळापळ वजा करा, नाहीतर तूट दुप्पट दिसते. म्हणूनच 'गेला तो कुठे गेला' हा प्रश्न.

टक्क्यांपासूनही सावध राहा. पाचाचे पंधरा झाले की दोनशे टक्के वाढ होते आणि मंत्रालयापर्यंत टाळ्या पडतात. तुमच्या वीस जणांच्या तुकडीला मात्र दहाच जागा असतात.

सहावी पायरी: पगाराला विचारा

माणसं मिळत नाहीत, असं मालक म्हणतो तेव्हा वाक्य पुरं करून घ्यावं: 'या पगारात' मिळत नाहीत. खरी टंचाई असेल तर दोन–तीन वर्षांत त्या कामाचा हातात पडणारा पगार शेजारच्या कामांपेक्षा जास्त वाढलेला दिसतो, निदान राहायची सोय, बस, जेवण असं काहीतरी वाढलेलं असतं. रिकाम्या जागा खूप, पण पगार वर्षानुवर्षं तिथेच, तर तो कौशल्याचा तुटवडा नाही. सिक्युरिटी गार्ड, गोदामातला पॅकर, डिलिव्हरीवाला इथे येतात. मागणी अफाट आहे, खोटी नाही. पण माणूस येतो, दमतो, जातो. तुमच्या कोर्सने त्यात काही फरक पडत नाही. अशी कामं यादीत वेगळ्या रंगात ठेवा आणि वर साफ लिहा: प्रशिक्षणाची गरज नाही. यावर तुमचं वरिष्ठांशी वाजेल, कारण याच नोकऱ्या लगेच लावून आकडा दाखवता येतो.

नर्सिंगची गोष्ट याच्या उलट टोकाला आहे. ठाणे आणि नवी मुंबईत रुग्णालयं वाढली, प्रशिक्षित नर्स परदेशी जातात, तुटवडा खरा. पण बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. आज तूट मोजून आज तुकडी सुरू केली तरी माणूस चार वर्षांनी मिळणार. वेल्डर वर्षात होतो. फिटर, इलेक्ट्रिशियन, केमिकल प्लांटचा अटेंडंट ऑपरेटर दोन वर्षांत. मंजुरीचं एखादं वर्ष त्यात मिळवा. म्हणजे तुमच्या तक्त्यात प्रत्येक कामापुढे तूट आजची नाही, कोर्स पुरा होईल त्या वर्षीची हवी.

त्या वर्षी कारखाना तरी तिथे असेल का, हेही विचारा. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये मोठे स्फोट झाले, माणसं गेली, आणि धोकादायक कारखाने हलवायची चर्चा प्रत्येक वेळी वर आली. तिथल्या रसायन कामगारांसाठी नवी तुकडी आखताना मी तळोज्यालाही चालेल असा अभ्यासक्रम निवडीन, फक्त डोंबिवलीच्या भरवशावर बसणार नाही.

विमानतळाबद्दल, कारण सगळे तेच विचारतात

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची. तेव्हापासून पनवेल–उलवे भागात 'एअरपोर्ट ग्राउंड स्टाफ' शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या इतक्या लागल्या आहेत की एवढे प्रवासी तरी येतील का, असं वाटावं. काउंटरवर हसून उभं राहायच्या नोकऱ्या मोजक्या. पाट्यांवर नसतात ती कामं जास्त बघा: सामान चढवणारी यंत्रं चालवणारे, माल हाताळणी, थंड साठवण, इमारतीची वीज आणि एसी, किचन, सफाई, बस आणि ट्रक चालक. बंदराकडेही तेच, रीच स्टॅकर (कंटेनर उचलणारं यंत्र) आणि ट्रेलर चालवणारे हात. तेव्हा विमानतळ हा स्वतंत्र 'व्यवसाय' समजून यादीत घालू नका. त्याची कामं आधीच्या संकेतांकांमध्ये वाटून टाका. मग दिसेल की चिलरवाला डेटा सेंटरलाही हवा, रुग्णालयालाही हवा आणि विमानतळालाही. जे काम तीन वेगळ्या उद्योगांना लागतं, त्याची तुकडी एखादा उद्योग बसला तरी बुडत नाही.

तक्ता असा

एका कामाला एक ओळ. संकेतांक, लोक त्याला काय म्हणतात ते नाव, वर्षाची गरज, त्यातली बदलीची किती, आवाक्यातला पुरवठा, जागा सरासरी किती दिवस रिकामी, आजचा हातातला पगार आणि तीन वर्षांपूर्वीचा, परवाना लागतो का, शिकायला किती महिने, किती उद्योगांना लागतं. शेवटचा रकाना 'कोणी सांगितलं, कधी', तो रिकामा असेल तर ती ओळ खोडा. बारा–पंधरा ओळींपेक्षा जास्त झाल्या तर काहीतरी चुकतंय; मी शेवटी आठवर आणतो.

शुक्रवारी यादी द्या, त्यावर तारीख घाला. सहा महिन्यांनी त्याच माणसांना पुन्हा फोन करा, काकांनाही. मी केला तेव्हा ते म्हणाले, "आला एक, बदलापूरचा. पण आता दुसरा सोडून चाललाय." ती ओळ मी तशीच ठेवली, फक्त आकडा बदलला.